मापाचा माणूस

दादा गाडीत शिरला तो कमरेपर्यंतच. उरलेला दादा बाहेर राहिला, दोन्ही हात कडेच्या पत्र्यावर टेकून, आपण हे मुद्दामच करत आहोत असा भाव चेहऱ्यावर आणून.

"श्वास सोड," ताई म्हणाली.

"सोडलाय."

"अजून सोड."

"अजून सोडला तर मी जाईन गं वर."

पिटमधल्या त्या खोलीत घरची सगळी माणसं गाडीभोवती उभी होती. ट्रॅकच्या कडेला अशा खोल्यांची रांगच होती. प्रत्येक खोलीला पुढून एक शटर आणि प्रत्येक शटरमागे एक जुनी, एकाच माणसाची रेसिंग गाडी. लांबुळकी, उघडी, चाकं अंगाबाहेर काढलेली. शेजारच्या खोलीत कुणीतरी इंजिन सुरू करून बघत होतं आणि तेवढ्यापुरतं कुणालाच काही बोलता येत नव्हतं. ते बरंच होतं, कारण वहिनीला जे बोलायचं होतं ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं.

वहिनी म्हणजे दादाची बायको. नवरा मावणार नाही हे तिनं केव्हाच सांगितलं होतं. गाडीचा पत्रा चढला तेव्हा सांगितलं, रंग लागला तेव्हा सांगितलं, गेल्या आठवड्यात तर त्याच्या पँटची शिवण दुसऱ्यांदा उसवून देताना सुईच्या टोकानं दाखवून सांगितलं. "अहो, एकदा बसून तरी बघा." पण नाही. अप्पांचा, म्हणजे तिच्या सासऱ्यांचा, नियम होता. ज्याला गाडी चालवायची, त्यानं ती ट्रॅकवर उतरेपर्यंत आत बसायचं नाही. अप्पांनी तरुणपणी ही गाडी स्वतः बांधली, याच ट्रॅकवर पळवली, तेव्हाही हा नियम पाळला होता. त्यांच्या जागी त्यांचा एक मित्र बसून माप द्यायचा. पुढे मुलं झाली, वर्कशॉप वाढलं, गाडीचं इंजिन निघालं, चाकं निघाली, आणि सांगाडा वर्कशॉपच्या भिंतीवर टांगला गेला तो दादाचे केस पांढरे व्हायला लागेपर्यंत तिथंच होता. दादानं तो खाली काढला तेव्हा नियमही त्याच्याबरोबर खाली आला.

मग माप द्यायला कोण? धाकटा. त्याला घरात सगळे काडी म्हणायचे. तो छापखान्यात प्रूफं तपासायचा, वर्कशॉप त्यानं कधीच सोडलं होतं आणि ते सोडताना जे काही बोलाचालीचं झालं होतं ते झालं होतं. पण दर रविवारी तो येऊन गाडीच्या सांगाड्यात बसायचा आणि दादा त्याच्या अंगाभोवती पत्रा ठोकायचा. काम सुरू झालं तेव्हा दोघा भावांचं माप एक होतं. एकाची पँट दुसऱ्याला यायची. त्यानंतर काडी रोज सकाळी धावत राहिला आणि दादा, वहिनीच्या भाषेत, सुखानं सुटला.

"ओढा," दादा शेवटी म्हणाला.

वहिनीनं एका काखेत हात घातला, ताईनं दुसऱ्या, काडीनं पाय सोडवले. दादा बाहेर आला तेव्हा दारात तपासनीस बाई उभ्या होत्या. गळ्यात शिट्टी, हातात पाण्याची बाटली. प्रत्येक ड्रायव्हरनं हेल्मेट घालून आत बसायचं आणि शिट्टी वाजली की कुणाच्याही मदतीशिवाय झटकन बाहेर यायचं, एवढी त्यांची परीक्षा होती.

"गाडी फार सुंदर केलीय," बाई म्हणाल्या. "आणि आत्ता जे झालं ते मी बघितलेलं नाही. जुन्या गाड्यांच्या फेऱ्या दुपारी आहेत. शर्यत नाही, नुसत्या फेऱ्या. तोवर काय ते ठरवा, मी पुन्हा येते."

त्या गेल्यावर दादा गाडीच्या चाकावर बसला आणि कुणाकडेही बघेना. वहिनीच्या मनात आलं होतं, आपण हसू. पण नवऱ्याचे कान लाल झालेले पाहून तिनं हसू आवरलं. हा माणूस आजच्या दिवसासाठी किती वर्षं हात काळे करत होता हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"सीट काढायची," ताई म्हणाली. ती दातांची डॉक्टर होती आणि जे अडतं ते काढायचं हा तिचा स्वभावच झाला होता. "सीट काढ, खाली एक घोंगडी टाक आणि बस. काय बिघडतं?"

"करून बघू," काडी लगेच पाना घेऊन वाकला.

सीट निघाली. दादा पुन्हा शिरला आणि या वेळी मावला. म्हणजे पोट मावलं. पण खाली सरकल्यामुळे गुडघे वर आले आणि स्टिअरिंगला लागले. उजवीकडे वळवलं तर डावा गुडघा आणि डावीकडे वळवलं तर उजवा. ब्रेक दाबायचा तर आधी स्टिअरिंगची परवानगी घ्यावी लागत होती.

"सरळ सरळ जा," ताई म्हणाली.

"ट्रॅक गोल आहे गं बाई!"

आता मात्र सगळे हसले. दादाही हसला, पण मग हसता हसता थांबला आणि म्हणाला, "हा नियम कुणी काढला? नाही, मला एकदा कळू दे. अप्पा, का नाही बसायचं आधी?"

अप्पा कोपऱ्यातल्या घडीच्या खुर्चीत बसले होते. त्यांची नजर अधू झाली होती. माणसं त्यांना कपड्यांच्या रंगावरून आणि आवाजावरून कळायची, म्हणून त्यांनी तोंड आवाजाकडे वळवलं.

"घाबरायचो मी," ते म्हणाले.

"कशाला?"

"थांबलेल्या गाडीला. इंजिन सुरू असलं की मला कसलीच भीती वाटायची नाही. पण बंद गाडीत नुसतं बसवलं की घाम फुटायचा. दहा माणसं भोवती उभी, आणि मी आत, हलता येत नाही. एकदा तर ओरडणारच होतो. मग म्हटलं, ड्रायव्हरनं आधी बसायचं नसतं. लोकांना पटलं."

माईंनी कपाळाला हात लावला. "अहो, आणि आम्ही इतकी वर्षं पाळत बसलो! मला वाटायचं अपशकुन असतो."

"मला कुणी विचारलंच नाही," अप्पा म्हणाले आणि त्यांना त्यात काहीच गैर वाटत नव्हतं.

दादाला रागवावंसं वाटत होतं, पण कुणावर, ते कळेना. त्यानं पेटीतून पत्रा कापायची कात्री काढली. सीट उचलून उजेडात धरली. "बाजू कापतो. दोन्हीकडची इतकी इतकी. पाठ खाली उतरवतो. मग गुडघेपण मागे येतील. बसेन कसाबसा."

आणि इथे वहिनी बोलली. तिला बोलायचं नव्हतं. नवऱ्याच्या विरुद्ध ती सासरच्या माणसांसमोर कधीच बोलत नसे. पण काडी पाना घेऊन वाकला होता तेव्हा काढण्याआधी त्यानं सीटच्या पाठीवरून एकदा हात फिरवला होता. ते वहिनीनं पाहिलं होतं.

"कापू नका," ती म्हणाली. "भावजींना चालवू द्या."

शेजारच्या खोलीतलं इंजिन नेमकं बंद पडलं होतं, त्यामुळे हे सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं.

"याला?" दादा म्हणाला. "हा कधीपासून ड्रायव्हर झाला?"

"तुम्ही झालात तेव्हापासून. ट्रॅकवरच्या शिकवणीला दोघं बरोबरच गेला होतात ना? परवाना दोघांना मिळालाय."

"तो माझ्या सोबतीला आला होता!"

"मला नकोय," काडी म्हणाला. जरा जास्तच घाईनं म्हणाला. "वहिनी, उगीच काय. दादाची गाडी आहे. मी आपला मापाचा माणूस."

"गाडी दादानं केलीय, दादाच चालवेल," माई म्हणाल्या.

यावर सगळ्यांनी माईंकडे पाहिलं. कारण या घरात एक गोष्ट सूर्य उगवण्याइतकी ठरलेली होती, ती म्हणजे माई काडीच्या बाजूनं असणार. ताईनं भुवई उडवली. आजवर दादाचा कैवार घेणारी ती एकटीच होती, आता जोडीला माई आल्या म्हटल्यावर तिला आपली बाजू तपासून पाहावीशी वाटू लागली.

"तसं बघितलं तर," ताई हळूच म्हणाली, "काडी बसतो बरोबर."

"तुम्ही सगळे ठरवा," दादा म्हणाला. "मी जरा हवा खाऊन येतो." आणि सीट काखेत मारून, कात्री हातात घेऊन तो शटरखालून बाहेर पडला.

*

काडी टायरांच्या चळतीमागे उभा राहून हात पुसत होता. हात केव्हाच कोरडे झाले होते.

खोटं बोलल्यावर त्याला नेहमीच हात पुसावेसे वाटायचे. नकोय! सांगाड्यात पहिल्यांदा बसला तेव्हापासून त्याला ही गाडी हवी होती. रविवारी दादा हातोडी आणायला आत गेला की तो डोळे मिटून स्टिअरिंग धरायचा आणि मनातल्या मनात पूर्ण ट्रॅक पळवून यायचा, प्रत्येक वळणाला गिअर बदलून, ओठांनी बारीक आवाज काढत. एकदा दादानं विचारलं होतं, "काय रे पुटपुटतोस?" तेव्हा तो म्हणाला होता, "प्रूफं." सोमवार ते शनिवार दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि रविवारी दुसऱ्याच्या जागी बसायचं, असं त्याचं चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडत होतं. पण चालवायला मिळालं असतं तर!

"इथं आहेस होय," माई म्हणाल्या. त्या कशाचा तरी आधार घेत घेत आल्या होत्या आणि टायरवरच बसल्या. साडीची काळजी न करता.

"माई, साडी."

"धुता येते. तू नको का म्हणालास?"

"तूच म्हणालीस ना, दादाच चालवेल."

"मी नंतर म्हणाले. तू आधी नको म्हणालास."

काडीनं पुन्हा हात पुसले. आईपुढे प्रूफांची सबब चालायची नाही.

"मी तुझ्या बाजूनं बोलले नाही म्हणून रागावलास?"

"नाही गं. नवल वाटलं फक्त."

"मलाही वाटलं," माई म्हणाल्या. "तू लहानपणी सारखा आजारी. मग कायम आपलं, काडीला द्या, काडीला राहू द्या, काडीला झेपायचं नाही. दादानं कधी तोंडातून शब्द काढला नाही. पण त्याला सगळं कळत होतं बरं का. आज त्याचं तोंड बघितलं आणि वाटलं, एकदा तरी या पोराच्या बाजूनं बोलावं. एवढं म्हातारं झालंय ते पोर, तरी."

काडी हसला आणि तिच्या शेजारच्या टायरवर टेकला. "बरं केलंस."

"बरं केलं, पण तुला हवीय ना?"

"हवीय." एकदा निघाल्यावर शब्द थांबेनात. "इतकी हवीय की पोटात दुखतंय. पण त्यानं बांधलीय, माई. मी नुसता बसलो. बसण्याला काय लागतं?"

"मग त्याला तसं सांग."

"काय सांगू? तू जाड झालास, सरक?"

"शब्द जरा बदल," माई म्हणाल्या.

*

दादा त्यांच्या टेम्पोच्या मागच्या फळीवर बसला होता. सीट मांडीवर पालथी. कात्री त्यानं दोनदा पत्र्याला लावली होती आणि दोनदा मागे घेतली होती. पातळ पत्र्याची सीट, हाताने ठोकलेली, एकही जोड दिसणार नाही अशी. असं काम त्याच्या हातून पुन्हा होईल की नाही याची त्याला खात्री नव्हती. पण फेऱ्या आज होत्या. इतक्या वर्षांनी जुन्या गाड्यांसाठी हा ट्रॅक पहिल्यांदा उघडला होता, अप्पांना अजून थोडंफार दिसत होतं, आणि दादाला ही गाडी चालवायची होती. यात काही गुंतागुंत नव्हती. लहानपणी भिंतीवरच्या सांगाड्याखाली उभं राहून त्यानं जे ठरवलं होतं तेच त्याला आजही हवं होतं.

काठीचा आवाज आला. अप्पा टेम्पोच्या कडेला हात लावत आले आणि फळीवर बसले.

"कापलीस?"

"नाही अजून."

"बघू." अप्पांनी सीट मागून घेतली. बघायची म्हणजे त्यांना आता बोटांनीच बघावी लागायची. बोटं कडेवरून फिरली, तळावरून फिरली, पाठीवर आली. दादा वाट बघत राहिला. अप्पांनी त्याच्या कामाला आजवर 'चालेल' यापुढचा शब्द दिला नव्हता आणि आज तरी त्याला ते 'चालेल' नको होतं.

डाव्या खांद्यापाशी अप्पांची बोटं थांबली.

"इथं खळगा का आहे?"

"कुठं?"

"हा काय. मुठीएवढा. उजवीकडे नाही."

दादानं हात लावून पाहिला. होता खरा. "काडीचं ते हाड वर आलंय ना. माळ्यावरून पडला होता तेव्हाचं. त्याला टोचायचं तिथं. म्हणून मी जरा आत ठोकून घेतलं."

"आणि हे कमरेपाशी?"

"ते पण. त्याला तिथं आधार लागतो. नाहीतर तासाभरात अवघडतो."

"हं," अप्पा म्हणाले. "सीट कुणाची?"

"माझी."

"तुझं हाड वर आलंय?"

दादानं सीट परत मांडीवर घेतली. त्याच्या डोळ्यांपुढे ते सगळे रविवार आले. काडी म्हणायचा, दादा, इथं जरा टोचतंय, आणि तो म्हणायचा, तुला काय करायचंय, तू कुठं चालवणार आहेस. आणि असं म्हणता म्हणता सीट काढून पुन्हा हातोडी घ्यायचा. कारण टोचत असलेल्या माणसाला तसंच बसवून ठेवणं त्याला जमायचं नाही. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. पत्रा इतका त्या पाठीचा झाला होता की त्यात दुसऱ्या कुणाचीच पाठ बसली नसती. तो स्वतः बारीक राहिला असता तरी नसती बसली.

"मी गाढव आहे," तो म्हणाला.

"काम चांगलं आहे," अप्पा म्हणाले. दादाच्या ते लक्षातही आलं नाही.

"पण मला चालवायची होती हो, अप्पा."

"हो ना," अप्पा म्हणाले. "मला अजून चालवायचीय."

समोरून एक म्हातारा, दादापेक्षाही जाड, आपली हिरवी गाडी ढकलत नेत होता आणि त्याची बायको स्टिअरिंगवर बसून त्याला सूचना देत होती. दादाला हसू आलं. मग त्यानं कात्री पेटीत टाकली, सीट काखेत घेतली आणि अप्पांना हात दिला.

*

"काडी, कपडे बदल," तो शटरखालून वाकून आत येत म्हणाला.

"अरे पण दादा..."

"आधी सीट लावू दे. धर इकडून. तुला हवीय की नाही ते एकदाच सांग, आणि खरं सांग. नाटक केलंस तर मी घोंगडी टाकून बसेन आणि पहिल्याच वळणावर भिंतीत घालेन."

काडीनं माईंकडे पाहिलं. माई छताकडे बघत होत्या.

"हवीय," काडी म्हणाला. "फार हवीय. पहिल्यापासून."

"मग आजवर बोलला का नाहीस?"

"तू मला उठवलं असतंस."

दादानं तोंडात धरलेला बोल्ट काढला, काडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "उठवलंच असतं." मग बोल्ट लावला.

आता सगळ्या घराला काम मिळालं. चालवताना घालायचा एकच पोशाख होता आणि तो दादाच्या मापाचा. काडी त्यात उभा राहिला तेव्हा आणखी एक माणूस आत सहज मावला असता. ताईनं बाह्या दुमडल्या, वहिनीनं कमरेशी चार चिमट्या घेऊन टाके घातले, घोट्यांना चिकटपट्टी गुंडाळली. "हलू नका हो भावजी, टोचेल." वहिनी खूश होती. नवऱ्यानं तिच्याकडे रागानं बघितलं नव्हतं. उलट जाता जाता तिच्या हातातली चिकटपट्टी दातानं तोडून दिली होती.

"तुला काय वाटलं, मी चिडेन?" त्यानं हळूच विचारलं.

"चिडला होतात की."

"थोडा."

"अजून आहात?"

"थोडा," दादा म्हणाला. "जाईल."

बाई आल्या. काडी आत बसला आणि गाडीनं त्याला असं सामावून घेतलं की ताईच्या तोंडून 'अगंबाई' निघालं. शिट्टी वाजली, काडी बाहेर. बाईंना शिट्टी तोंडातून काढायलाही वेळ मिळाला नाही. "ड्रायव्हर बदलला वाटतं," त्या म्हणाल्या.

"नाही," दादा म्हणाला. "हाच होता."

*

फेऱ्या सुरू झाल्या तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. गाड्या एकामागून एक बाहेर पडल्या, हिरवी, पिवळी, एक निव्वळ पत्र्याच्या रंगाची, आणि शेवटून दुसरी त्यांची लाल. दादा कठड्याला पोट टेकवून उभा होता. गाडी पहिल्या वळणाआड गेली आणि त्याला असा हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते पुसलं नाही. कुणी बघत नव्हतं. सगळे ट्रॅककडे बघत होते.

मग पलीकडून आवाज आला. अजून गाडी दिसत नव्हती, नुसता आवाज. तो आवाज त्यानं बांधला होता. अप्पा शेजारी मान तिरकी करून ऐकत होते.

"तिसऱ्या गिअरात आहे," अप्पा म्हणाले. "आता चौथा. अरे वा. कुठं शिकला हा?"

"सीटवर बसून," दादा म्हणाला, आणि हेवा होता तिथंच राहिला, पण त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं, मोठं. गाडी समोरून गेली. जाताना काडीचं लाल हेल्मेट इकडे वळलंही नाही. मागून बघताना डावा खांदा पत्र्यात बरोबर टेकलेला दिसला आणि दादा मोठ्यानं ओरडला. काय ओरडला ते त्यालाही कळलं नाही. माई टाळ्या वाजवत होत्या. ताई कुणातरी अनोळखी माणसाला सांगत होती, "आमची आहे ती, आमची!"

झेंडा पडल्यावर सगळ्या गाड्या आत वळल्या. लाल मात्र वळली नाही. ती आणखी एक फेरी मारून आली.

"दिसलाच नाही मला झेंडा," काडी हेल्मेट काढता काढता म्हणाला. त्याचे केस डोक्याला चिकटले होते आणि हसून तोंड मिटत नव्हतं.

"खोटारडा," दादा म्हणाला.

काडी उतरला. गाडीला धरून उभा राहिला. त्याला भावाला काहीतरी सांगायचं होतं, आभार वगैरे, पण त्या दोघांत असलं बोलायची पद्धत नव्हती. "दादा," एवढंच तो म्हणाला. "दादा, अरे..."

"कळलं," दादा म्हणाला. तो गाडीत वाकून पेडलांकडे बघत होता. "हे पुढं सरकवता येतील. स्टिअरिंगही वर घेता येईल, अप्पांच्या वेळी वरच होतं. दुसरी सीट करायची, पातळ. पुढच्या वर्षी पुन्हा फेऱ्या आहेत."

"आणि पोटाचं?" ताईनं विचारलं.

"पोटाचं मी बघते," वहिनी म्हणाली.

दादानं टेम्पोतून हातोडी आणली आणि काडीच्या हातात दिली. काडीनं ती उलटी धरली. दादानं सुलटी करून दिली.

"रविवारी लवकर ये. आता मी बसणार आणि तू ठोकणार."

"मला कुठं येतं ठोकायला?"

"टोचलं की मी सांगेन," दादा म्हणाला.